क्लाउडवरून खाली उतरायचं झालं तर?

खुंटी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

आमची पाच जणांची टीम. सहा वर्षांपूर्वी एक सॉफ्टवेअर बांधायला घेतलं आणि पहिल्या दिवसापासून ते एकाच मोठ्या क्लाउडवर आहे. सगळं कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारं सामान एकाच डब्यात. त्यामुळे "आपलं बिऱ्हाड पाठीवर, कुठेही उचलून नेऊ" असं मी प्रत्येक मीटिंगमध्ये छातीठोकपणे सांगत आलो. मग एका मोठ्या ग्राहकाने विचारलं, "हे आमच्या स्वतःच्या सर्व्हरवर बसवून द्याल का? डेटा बाहेर जाऊ द्यायचा नाहीये." मी म्हटलं, दोन आठवडे द्या.

आज सातवा आठवडा चालू आहे.

कोड पहिल्याच दिवशी चालला हो. नडलं ते कोडच्या आजूबाजूचं. क्यू (कामांचे संदेश रांगेत ठेवणारी सेवा) क्लाउडवाल्यांची, लॉगिन त्यांचं, पासवर्ड ठेवायची तिजोरी त्यांची, लॉग त्यांच्याकडे, मेल त्यांच्यामार्फत. कोडमध्ये एकही पासवर्ड लिहिलेला नाही याचा मला केवढा अभिमान! तर त्याचं कारण असं, की आमचं मशीन १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर जाऊन "मी कोण?" असं विचारायचं आणि तिथून त्याला तात्पुरती किल्ली मिळायची. ग्राहकाच्या सर्व्हरवर त्या पत्त्यावर कुणीच राहत नाही.

तर प्रश्न असा: पहिल्यापासूनच कुठेही चालेल असं लिहायला हवं होतं का? की हे दुखणं अंगावर येईल तेव्हाच काढायचं? तुम्ही लोक रेघ कुठे मारता?

सहजच

पहिला नंबर! आता वाचतो.

ढगफुटी

"डेटा सगळा क्लाउडवर आहे" हे मी आजीला मराठीत समजावून सांगितलं होतं. ती म्हणाली, "अरेरे, म्हणजे ढगात गेला का?"

सातव्या आठवड्यात तुम्हाला आजीचं म्हणणं पटलं असेल. (ह. घ्या.)

हिशेबनीस

काडी टाकतो. दोन आठवड्यांचे सात झाले हे वाईट, मान्य. पण सहा वर्षांपूर्वी तुम्ही क्यू, लॉगिन, तिजोरी सगळं स्वतः उभं करत बसला असतात तर आज हा ग्राहक विचारायलाच आला नसता, कारण उत्पादनच झालं नसतं. पाच माणसांत किती काय करणार?

पोर्टेबिलिटी, म्हणजे कुठेही उचलून नेता येणं, हा विमा आहे. हप्ता रोज भरायचा आणि बहुतेकांच्या नशिबी दावा करायची वेळ कधी येतच नाही. जे क्लाउड सोडून गेले त्यांच्या गोष्टी सगळे चवीने सांगतात. ड्रॉपबॉक्सने स्वतःची साठवण उभारली आणि दोन वर्षांत साधारण साडेसात कोटी डॉलर वाचवले, ३७सिग्नल्स ही सॉफ्टवेअर कंपनी, ते २०२२ मध्ये वर्षाला ३२ लाख डॉलर क्लाउडला देत होते म्हणून बाहेर पडले. बरोबर आहे! पण ड्रॉपबॉक्सचा धंदाच साठवणीचा. आणि ३७सिग्नल्सकडे सर्व्हर सांभाळता येणारी माणसं आधीपासून होती. तुमच्याकडे आहेत?

आमच्याकडे गेल्या पाच वर्षांत डेटाबेसची डिस्क भरली म्हणून रात्री फोन आलेला नाही. त्या झोपेचे पैसे मी आनंदाने देतो.

तिरकस

@हिशेबनीस, क्लाउडच झोपतो तेव्हा तुम्हाला तशीही झोपच काढावी लागते, हातात दुसरं काही नसतंच.

२८ फेब्रुवारी २०१७ आठवतंय का? ॲमेझॉनच्या एका इंजिनियरने कमांड देताना एक आकडा चुकवला, हवे त्यापेक्षा जास्त सर्व्हर खाली घेतले गेले आणि एस३, म्हणजे त्यांची फाइली साठवायची सेवा, काही तास आडवं. मजा पुढेच आहे. 'सेवा सुरळीत आहे की नाही' हे दाखवणारं त्यांचं पानही एस३वरच अवलंबून होतं. त्यामुळे घर जळत असताना त्या पानावर सगळं हिरवंगार.

हिशेबनीस

@तिरकस, तरी काही तासांत उठलं ना? माझा सर्व्हर पडला असता तर त्याचा सुटा भाग यायलाच तीन दिवस.

जुनं खोड

मजा वाटली धागा वाचून. तुमच्यापैकी बरेच जण जन्मायच्या आधीपासून हे भांडण चालू आहे.

१९६४ पर्यंत एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांवरही एकच प्रोग्राम चालेल याची खात्री नसायची. मोठं मशीन घेतलं की सगळं पुन्हा लिहा. आयबीएमने त्या वर्षी सिस्टिम/३६० आणलं: छोट्यापासून मोठ्यापर्यंत अख्खं घराणं, सगळ्यांना एकच सूचनासंच. ग्राहक खूश. पण घराण्यात आत फिरायची मोकळीक मिळाली, घराण्याबाहेर पडायची नाही. मग त्याच मशीनच्या आराखड्यावर काम केलेले जीन ॲमडाल १९७० मध्ये बाहेर पडले आणि १९७५ मध्ये त्यांनी आयबीएमचंच सॉफ्टवेअर चालवणारं, पण आयबीएमचं नसलेलं मशीन विकायला काढलं. आजच्या भाषेत 'एपीआय सुसंगत' पर्याय, म्हणजे बाहेरून त्याच हाका ऐकणारा, आतून दुसऱ्याचा!

नंतर युनिक्स. १९७३ मध्ये ते सी भाषेत लिहिलं गेलं म्हणून एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येऊ लागलं. तर प्रत्येक विक्रेत्याने आपापलं युनिक्स काढलं, प्रत्येकाची खोड वेगळी. ती मिटवायला १९८८ मध्ये पॉझिक्स हे प्रमाण आलं. मी स्वतः एक पेरोल प्रणाली एका युनिक्सवरून दुसऱ्यावर नेलीय. दोन्हीकडे सीच, कोड तोच. फक्त जुन्या मशीनवर संख्येचा मोठा बाइट आधी आणि नव्यावर लहान बाइट आधी. आम्ही रेकॉर्ड्स मेमरीतून उचलून जशीच्या तशी फाइलमध्ये टाकत होतो. नव्या मशीनवर पहिल्याच कर्मचाऱ्याचा क्रमांक १ च्या जागी १,६७,७७,२१६ दिसला. कोड पोर्टेबल होता, फाइल नव्हती.

तुमच्या धाग्यात नेमकं तेच चाललंय. कोडकडे सगळ्यांचं लक्ष, बाकीच्याकडे कुणाचंच नाही.

निळी शाई

@जुनं खोड, प्रतिसाद आवडला. वेगळा धागा काढाच यावर.

सहजच

+१. तो पेरोलवाला किस्सा वाचनखूण लावून साठवला.

गोठ्यातला

अहो, कुबरनेटिस वापरा की, कंटेनर चालवायला आणि सांभाळायलाच ते असतं! प्रश्न मिटला. २०१४ मध्ये गूगलने ते मोकळं केलं, आज प्रत्येक मोठ्या क्लाउडवर मिळतं, स्वतःच्या सर्व्हरवरही बसतं. तीच फाइल इकडे लावा, तीच तिकडे.

टर्मिनलवाली

@गोठ्यातला, तीच फाइल लावून बघितलीय का कधी? मी दोनदा बघितलीय. कंटेनर उठतात, हे खरं. पण लोड बॅलन्सरला (येणारा भार सर्व्हरांत वाटणाऱ्याला) सूचना द्यायच्या त्या ओळी प्रत्येक क्लाउडच्या वेगळ्या, डिस्कचे प्रकार वेगळे, आणि कंटेनरला 'तुला ही फाइल वाचायची परवानगी आहे' हे सांगायची पद्धत तर पूर्ण वेगळी. कुबरनेटिसने सामान ठेवायचं कपाट सगळीकडे एकसारखं केलं, नळ आणि वीज ज्याची त्याचीच राहिली.

आता @खुंटी यांच्या प्रश्नाकडे. माझा अनुभव क्यूचा आहे आणि तो जरा सविस्तर सांगते, कारण असलं काही जाहिरातीत कुणी सांगत नाही.

ॲमेझॉनच्या एसक्यूएसवरून रॅबिटएमक्यूवर जायचं होतं. दोन्ही क्यूच. संदेश टाका, संदेश उचला, काम झालं की 'झालं' म्हणा. मधे एक पातळसा थर लिहून टाकला, चाचण्या हिरव्या. एक वर्कर (रांगेतलं काम उचलणारा प्रोग्राम) मात्र अधूनमधून दुसऱ्या कुणाच्या तरी सेवेला हाक मारायचा आणि उत्तराची वाट बघत लटकायचा. हा दोष आमच्यात कित्येक वर्षं होता आणि कुणाला माहीतच नव्हता! कारण एसक्यूएसमध्ये संदेश उचलला की तो ठरावीक वेळ लपतो, मुळात ठेवलेला वेळ ३० सेकंद. तेवढ्यात 'झालं' आलं नाही तर तो पुन्हा दिसायला लागतो, दुसरा वर्कर उचलतो, काम होऊन जातं. म्हणजे आमचा दोष क्यू गुपचूप झाकत होती.

रॅबिटएमक्यूमध्ये संदेश परत येतो तो जोडणी तुटली की. आमचा वर्कर लटकलेला, पण जोडणी जिवंत, 'मी आहे, मी आहे' असे ठोके नेमाने पाठवतोय. त्यामुळे संदेश त्याच्याच हातात. रांगेत नाही, पूर्णही नाही, चूक म्हणून कुठे नोंदही नाही. डॅशबोर्डवर 'अनॲक्ड ४' (उचलले, पण 'झालं' न आलेले) एवढा एक आकडा. अर्ध्या तासाच्या मुदतीनंतर चॅनेल बंद व्हायचं तेव्हा कुठे सुटका. आम्ही चार दिवस नेटवर्कवाल्यांशी भांडत होतो.

सांगायचं काय, तर एपीआयवर पातळ थर टाकून क्यू पोर्टेबल होत नाही. तुम्ही फंक्शनच्या नावांवर अवलंबून नसताच, तुम्ही अवलंबून असता त्या क्यूच्या स्वभावावर. आणि स्वभाव कुठल्या फाइलमध्ये लिहिलेला नसतो.

गोठ्यातला

बरं बाई, मागे घेतो :)

खुंटी

@टर्मिनलवाली, अंगावर काटा आला. आमची क्यूही तीच आणि आम्हीही असाच पातळ थर लिहिलाय. तपासतो.

साठवणीतलं आमचंही एक सांगतो. एस३ची नक्कल करणारं मिनिओ बसवलं. पहिले दोन लाख दस्तऐवज सुरळीत गेले, मग एकेक नाकारायला लागलं. एस३मध्ये 'अहवाल' नावाची वस्तू आणि 'अहवाल/मार्च' नावाची वस्तू दोन्ही सुखाने नांदतात, कारण तिथे फोल्डर असं काही नसतंच, नावातली तिरकी रेघ हे फक्त एक अक्षर. मिनिओत 'अहवाल' ही एकदा वस्तू झाली की तिच्या पोटात आणखी काही ठेवता येत नाही. सहा वर्षांत आमच्या कुणीतरी दोन्ही प्रकारची नावं देऊन ठेवली होती. नक्की कुणी ते विचारू नका, कमिटवर माझंच नाव आहे.

हिशेबनीस

प्रामाणिकपणाबद्दल एक टाळी.

वाचनमात्र

तांत्रिक काही कळत नाही, पण घरगुती प्रश्न विचारू का? माझे चौदा वर्षांचे फोटो गूगलच्या एका खात्यात आहेत. काढून घ्यायचे म्हणून 'टेकआउट' वापरलं. आले सगळे, भल्यामोठ्या झिप फाइली. पण नव्या ठिकाणी टाकले तर बरेच फोटो एकाच तारखेचे! माझी मुलगी आणि तिची बारशातली पाहुणेमंडळी सगळी परवाच जन्मलेली.

टर्मिनलवाली

@वाचनमात्र ताई, त्या झिपमध्ये प्रत्येक फोटोशेजारी त्याच्याच नावाची जेसॉन फाइल असेल, ती फेकू नका! तारीख, जागा, तुम्ही लिहिलेलं वर्णन त्यात असतं. ते परत फोटोच्या पोटात घालणारी फुकट साधनं मिळतात. व्यक्तिगत निरोप करा, सांगते.

तिरकस

हेच ते. 'तुमचा डेटा तुमचाच आहे, कधीही न्या.' नेला. पुस्तकाची पानं एका पोत्यात, पृष्ठक्रमांक दुसऱ्या पोत्यात.

निळी शाई

आणि त्याहून मोठी गोम म्हणजे 'अमुक खात्याने साइन इन करा' हे बटण. मी मोजलं, तेहतीस ठिकाणी माझा प्रवेश एकाच खात्यातून आहे. ते खातं उद्या बंद झालं तर फोटो राहू द्या, तेहतीस घरांच्या किल्ल्या गेल्या.

ढगफुटी

तेहतीस कोटींपैकी तेहतीसच ना? चालायचंच.

जुनं खोड

अवांतर पुरे, मी परत मुद्द्यावर येतो. @हिशेबनीस यांचं विम्याचं रूपक मला अर्धंच पटलं. विमा कशाविरुद्ध, हे आधी ठरवा. तीन वेगवेगळी संकटं आहेत आणि आपण सगळ्यांना एकाच टोपलीत टाकतोय.

सेवा काही तास बंद पडणं, याला पोर्टेबिलिटी हा उपाय नाहीच. दोन क्लाउडवर एकाच वेळी चालवायला गेलात तर बिघाडाची ठिकाणं दुप्पट. इथे मी @हिशेबनीस यांच्या बाजूने.

दुसरं संकट, पुरवठादाराचा विचार बदलणं. फेसबुकने पार्स विकत घेतलं, हजारो मोबाइल ॲप्स त्यावर उभी होती, आणि जानेवारी २०१६ मध्ये जाहीर केलं की वर्षभरात बंद. बरं, त्यांनी सर्व्हरचा कोड मोकळा केला, म्हणून लोक तरले. गूगलने आयओटी कोअर ही उपकरणं क्लाउडला जोडायची सेवा ऑगस्ट २०२३ मध्ये बंद केली. इथे वर्षभराची मुदत मिळते. विमा नको, तयारी पुरे.

तिसरं म्हणजे तुमचं खातं किंवा त्यातली अख्खी व्यवस्थाच नाहीशी होणं. मे २०२४, ऑस्ट्रेलियातला युनिसुपर हा पेन्शन फंड. सहा लाखांवर सभासद. गूगल क्लाउडच्या एका अंतर्गत साधनात व्यवस्था उभारताना एक रकाना रिकामा राहिला होता, त्यामुळे तिची मुदत आपोआप एक वर्षाची धरली गेली. वर्ष संपलं, यंत्रणेने इमानेइतबारे ती व्यवस्था पुसून टाकली. दोन वेगळ्या ठिकाणच्या प्रतींसकट, कारण दोन्ही ठिकाणं एकाच व्यवस्थेतली. त्यांच्या बॅकअपची एक प्रत दुसऱ्या पुरवठादाराकडेही होती. तरीही सभासदांना आठवडाभर खातं दिसत नव्हतं.

तेव्हा पोर्टेबल कोड लिहायच्या फंदात पडू नका. डेटा आणि तो परत उभा करायची रीत, या दोन गोष्टी बाहेर ठेवा.

हिशेबनीस

हे मान्य. 'सगळं कुठेही चालेल असं लिहा'ला माझा विरोध होता, बॅकअपला नाही.

फक्त बाहेर नेण्याचा हिशेबही मांडा. १०० टेराबाइट एक गिगाबिटच्या लाइनवरून पूर्ण वेगाने काढायचे तर नऊ दिवसांच्या वर लागतात. आत टाकायला फुकट, बाहेर काढायला एडब्ल्यूएसवर (ॲमेझॉनच्या क्लाउडवर) गिगाबाइटमागे ९ सेंटपासून सुरुवात. कायमचं सोडून जाणाऱ्यांसाठी २०२४ मध्ये ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट आणि गूगल या तिन्ही मोठ्यांनी हा आकार माफ केला खरा, पण पाठीवर युरोपच्या डेटा ॲक्टचा आसूड होता. तो कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू आहे आणि जानेवारी २०२७ पासून तिथे पुरवठादार बदलायचे पैसेच घेता येणार नाहीत.

गोठ्यातला

मग मुक्त स्रोत वापरा ना सगळीकडे. (परत मागे घ्यायला लागेल असं वाटतंय.)

निळी शाई

अर्धं मागे घ्या. टेराफॉर्मने (क्लाउडवरची मांडणी लिहून उभी करणारं साधन) ऑगस्ट २०२३ मध्ये परवाना बदलला, रेडिसने (डेटा मेमरीत ठेवणारं झटपट कोठार) मार्च २०२४ मध्ये. मुक्त म्हणून घेतलेलं एका सकाळी कमी मुक्त झालं. पण जुना मुक्त कोड हातात असल्यामुळे लोकांनी ओपनटोफू आणि व्हॅल्की काढलंच की. आम्ही रेडिसवरून व्हॅल्कीवर एका दुपारी गेलो, चहाच्या आधी. क्लाउडच्या बंद सेवेची अशी फांदी तोडून लावता येत नाही.

पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसचंही तसंच. कुठेही नेता येतं. फक्त डेटाबेसची फाइल जशीच्या तशी उचलणार असाल तर दोन्हीकडची ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी, अक्षरांचा क्रम तीच ठरवते) बघा. २०१८ मध्ये २.२८ आवृत्तीत अक्षरक्रम बदलला. जुन्या आवृत्तीत '११' पहिलं आणि '१-१' त्याच्यानंतर यायचं, नव्यात उलट. इंडेक्स जुन्या क्रमाने रचलेला आणि शोध नव्या क्रमाने, मग रांगेत उभा असलेला माणूसही सापडत नाही.

तिरकस

धागा वाचून ठरवलं, उद्यापासून वहीत लिहिणार.

ढगफुटी

वहीला वाळवी लागते. मल्टिवही धोरण ठेवा.

खुंटी

सगळ्यांचे आभार. उशीर झाला, पण त्याला कारण आहे.

@जुनं खोड यांचा प्रतिसाद वाचून शनिवारी एक प्रयोग केला. आमचं क्लाउडचं खातं आज गेलं असं समजायचं. दोघांनी बसायचं, समोर कोरा सर्व्हर, बाहेर ठेवलेला बॅकअप आणि आमची कागदपत्रं. घड्याळ लावलं सकाळी दहाला.

१०:०५, बॅकअप मिळाला. आम्ही रोज रात्री वेगळ्या पुरवठादाराकडे प्रत पाठवतो, शहाणे आहोत.

१०:२०, फाइल उघडेना. अर्थात, आम्ही ती कूटबद्ध करून पाठवतो, शहाणे आहोत म्हटलं ना. उघडायची किल्ली फाइलच्या डोक्यावरच चिकटवलेली असते, पण ती दुसऱ्या एका किल्लीत बंद. ती दुसरी किल्ली कुठे? क्लाउडच्या किल्ली-सेवेत. तिथे तयार झालेली किल्ली कुणालाच बाहेर काढून मिळत नाही, सुरक्षितता म्हणून. म्हणजे खातं गेलं की चार वर्षांचे सगळे बॅकअप हे नुसते आवाज करणारे डबे. आत काय आहे ते कधीच कळणार नाही.

१०:२५ ला प्रयोग संपला. दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

कंटेनर, क्यू, कुबरनेटिस, ही चर्चा मी सात आठवडे करत होतो. ही किल्ली त्यात एकदाही आली नाही.

हिशेबनीस

बाप रे. हा प्रतिसाद आमच्या टीमला पाठवलाय. आमचंही असंच आहे का ते मला आत्ता, या क्षणी सांगता येत नाहीये, आणि तेच वाईट आहे.

टर्मिनलवाली

नवी किल्ली कशी ठेवली?

खुंटी

घरच्या मशीनवर बनवली, तिचा सार्वजनिक भाग, जो फक्त कुलूप लावतो, सर्व्हरला दिला. कुलूप उघडणारा खाजगी भाग कागदावर छापून दोन पाकिटांत, दोन घरांत. पुढच्या शनिवारी परत घड्याळ लावणार आहोत, आणि या वेळी पाकीट तिसऱ्याने उघडायचं, आम्ही दोघांनी मदत करायची नाही.

मूळ प्रश्नाचं: ग्राहकाला आठ आठवडे सांगितले, ते हो म्हणाले. दुसरी क्यू आणत नाही, आहे तिच्या जागी सरळ पोस्टग्रेसमध्ये एक टेबल ठेवतोय, आमच्या भाराला पुरतं. लॉगिन आमचं स्वतःचं लिहिणार नाही.

तिरकस

आणि जुन्या बॅकअपचं काय?

खुंटी

एकेक उघडून नव्या किल्लीने परत बंद करायचं काम चालू आहे, खातं जिवंत आहे तोवर. आज रात्रीपर्यंत २०२३ चा मार्च झाला.